आमच्या कॅसेटमध्ये श्यामची आई मरायचीच नाही

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. मागे जो घरघर आवाज येतोय तो कूलरचा. जालन्यातला मे महिना आहे, तो बंद करून बोलणं माझ्याच्यानं होणार नाही. सहन करा.

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की आम्ही पाच जण दर रविवारी चहाला बसतो आणि जुने सिनेमे चांगल्या डिस्कवर कधी येणार यावर पैजा लावतो. त्यावर तुमचे ढिगानं व्हॉइस नोट आले. बहुतेकांचा सूर एकच. "दादा, डिस्क? आता? प्लेअर कुठून आणणार?" एका मुलीनं तर सरळ विचारलं, "यूट्यूबवर सगळं फुकट पडलेलं आहे, मग तुम्ही वाट कशाची बघताय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबचं आहे, आणि ते आमच्या दुकानापासून सुरू होतं.

आमचं कॅसेटचं दुकान होतं. जुन्या जालन्यात, दहा बाय बाराचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते माझ्या जन्माच्या आसपास काढलं. लोकांना वाटतं कॅसेट भाड्यानं देणं हाच धंदा. तसं नव्हतं. खरा पैसा 'सेट'मध्ये होता. सेट म्हणजे एक कलर टीव्ही, एक व्हीसीआर आणि तीन कॅसेटा, एका रात्रीसाठी. परतूर, मंठा, घनसावंगी, जाफराबाद, कुठून कुठून लोक यायचे. लग्न असायचं, गणपती असायचे, कुणाला मुलगा झालेला असायचा. टेम्पोत गादी टाकून त्यावर टीव्ही ठेवायचा आणि सोबत अण्णा जायचे, कारण मध्येच चित्र बिघडलं तर व्हीसीआरचं हेड साफ कोण करणार? अण्णा खिशातली नोट काढून तिनं हेड पुसायचे. गावकऱ्यांना ती जादू वाटायची.

तीन सिनेमांचा क्रम ठरलेला. पहिला सगळ्यांनी मिळून बघायचा, मारुतीच्या देवळासमोर, बाया पुढं. दुसरा हाणामारीचा हिंदी. तिसरा लहान पोरं झोपल्यावर, त्याचं नाव इथं घेत नाही.

पहिल्या नंबरला बहुतेक वेळा 'श्यामची आई' असायचा. ती काही कंपनीची कॅसेट नव्हती. अण्णांनी दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेली होती, मध्ये वॉशिंग पावडरच्या जाहिरातींसकट. याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कृपा करून त्यावर व्हॉइस नोट पाठवू नका. तर परतूरकडच्या एका गावात व्हीसीआरनं ती कॅसेट चावली. शेवटची पाच-सात मिनिटांची टेप चुरगळून बाहेर आली. अण्णांनी कात्रीनं तेवढी कापून टाकली आणि कॅसेट पुन्हा चालू केली. तेव्हापासून आमच्या कॅसेटमध्ये आई अंथरुणाला खिळलेली आहे, घरात काळजीचं वातावरण आहे, आणि एकदम पडद्यावर मुंग्या. खर्रर्र. संपलं.

अण्णा शेवट सांगायचे नाहीत. एका म्हातारीनं विचारलं होतं म्हणे, "वाचली का हो ती माय?" अण्णा म्हणाले, "वाचली." म्हातारी समाधानानं उठून गेली. मी सात-आठ वर्षांचा असेन, मलाही तेच खरं वाटायचं. पुढे शाळेत बाईंनी पुस्तकातला शेवट वाचून दाखवला तेव्हा मी उभं राहून म्हणालो, "बाई, चुकलं. आई मरत नाही." सगळा वर्ग हसला. घरी येऊन अण्णांना जाब विचारला, तेव्हा कापलेल्या टेपची गोष्ट कळली.

पुढचं भरभर सांगतो. व्हीसीडी आल्या, कॅसेटा मागे पडल्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. आता २८ रुपयांत सिनेमा कायमचा घरी येत असेल तर भाड्यानं कोण नेणार? दोनेक वर्षांत दुकान बंद झालं, माल माळ्यावर गेला. गंमत म्हणजे ती कंपनीसुद्धा २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पण ते नंतरचं.

२०१६ मध्ये फोनवर नेट स्वस्त झालं. अण्णा गावी गेले होते. मी माळा रिकामा करायला घेतला आणि भंगारवाल्याला बोलावलं. कॅसेटा प्लास्टिकच्या भावात गेल्या, लोखंडी रॅक लोखंडाच्या भावात. जालन्यात लोखंडाचं भंगार कुठं जातं ते तुम्हाला माहीत आहे. एमआयडीसीत भट्ट्या आहेत, तिथं वितळून सळई होते. आमच्या दुकानाचे रॅक आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असतील. अण्णा परत आले, माळ्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "श्यामची आईची पण गेली का?"

मी "हो" म्हणालो. ते पुढे काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तर माझा हा डिस्कचा नाद तिथून सुरू झाला. म्हटलं एक चांगली प्रत आणून देऊ. अगदी स्वच्छ, शेवटासकट. आणि शोधायला लागल्यावर लक्षात आलं की हे काम मोबाईलचं कव्हर मागवण्याइतकं सोपं नाही.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, यूट्यूबच्या. तिथं जुन्या मराठी सिनेमांच्या ज्या प्रती आहेत त्यातल्या पुष्कळशा व्हीसीडीवरून उचललेल्या आहेत. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का दिसतो, मध्येच चित्र चौकटीचौकटीत फुटतं, तो डिस्कवरचा ओरखडा. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. म्हणजे साधारण एक लाख ठिपके. ब्लू-रेवर ते वीस लाखांच्या पुढे जातात आणि फोर-के म्हटलं की ऐंशी लाखांच्या वर. फोनच्या हातभर स्क्रीनवर तुम्हाला फरक जाणवत नसेल, पण मूळ पस्तीस एमएमच्या फिल्मवर जे टिपलेलं असतं त्यातलं फारच थोडं व्हीसीडीत उरतं. आवाजाचं तर विचारूच नका. फुकट आहे हे खरं. पण ते पुस्तकाचं झेरॉक्स, त्या झेरॉक्सचं झेरॉक्स, आणि त्याचा वाकड्या हातानं काढलेला फोटो आहे.

मी अण्णांना फोनवर ती प्रत दाखवली होती. वनमालाबाईंचा जवळून घेतलेला चेहरा आला. अण्णा फोन डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "लेका, यात तिचा चेहराच नाही."

आता आमच्या पैजांकडे येऊ. आम्ही पाच जण म्हणजे मी, अंबडचे एक शिक्षक, भोकरदनचा मोबाईल दुरुस्तीवाला मित्र, बदनापूरकडचे एक मोसंबीवाले काका आणि बियाणे कंपनीत काम करणारी एक ताई. ताईंकडे सगळ्यात जास्त डिस्क आहेत. काकांकडे सगळ्यात जास्त मतं आहेत.

अमेरिकेत क्रायटेरियन नावाची कंपनी आहे, जगभरचे अभिजात सिनेमे डिस्कवर काढते. त्यांचे चाहते दर महिन्याच्या मध्याला वाट बघत बसतात, कारण तीनेक महिन्यांनी काय येणार ते तेव्हा जाहीर होतं. नवीन वर्षाला ते एक व्यंगचित्र काढतात आणि त्यात वर्षभरातल्या सिनेमांचे इशारे लपवतात. लोक भिंग लावून बसतात. आपल्याकडे असं व्यंगचित्र कोण काढणार? आपल्याला इशारे दुसरीकडेच शोधावे लागतात. कोणत्या महोत्सवात कोणत्या सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत दाखवली, कोणाकडे निगेटिव्ह सापडली, हक्क कोणाकडे गेले. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींची बातमी असते, आणि त्यावर आमचे तीन रविवार जातात.

पहिल्यांदा बघायचं ते हे की माल शिल्लक आहे का. हे तुम्हाला विचित्र वाटेल. सिनेमा आहे म्हणजे असणारच ना कुठंतरी? नाही. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यातले तीससुद्धा उरलेले नाहीत, आणि त्यातही काहींचे तुकडेच आहेत. १९५० च्या सुमारापर्यंत सिनेमा नायट्रेटच्या फिल्मवर असायचा. ती फिल्म पेटली की विझत नाही, पाण्याखालीसुद्धा जळते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच सोडते. नंतरची फिल्म तशी सहज पेटत नाही, पण उकाड्यात आणि दमटपणात सडते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. आणि आपल्याच लोकांनी प्रिंट वितळवून त्यातली चांदी काढली ती वेगळीच. म्हणजे भंगारात घालणारा मी काही पहिला नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर तिथले अभिरक्षक. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'सारख्या सिनेमाची रिळं त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडून मिळवली. तो माणूस मागे लागला नसता तर आज ती नसती. आणि त्याच पुण्यात ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, प्रभातच्या काळातल्या तिजोरीला आग लागली आणि नायट्रेटची मूळ रिळं गेली. त्यात प्रभातचीही होती. पुष्कळशांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढून ठेवलेल्या होत्या, म्हणून सिनेमे राहिले. पण मूळ ते मूळ.

इथं जालन्याचा एक धागा आहे. आपल्याकडे फुलंब्रीकर नाट्यगृह आहे. आपण त्याच्या दुरवस्थेवर बोलतो, फोटो टाकतो. पण मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर कोण, असं दहा जणांना विचारा. ते प्रभातचे संगीतकार. 'धर्मात्मा', 'अमर ज्योती', 'माणूस', 'शेजारी', यांचं संगीत त्यांचं. 'शेजारी' १९४१ चा. दोन म्हातारे मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि शेवटी धरण फुटतं. अंबडचे सर गेली चार वर्षं त्याच सिनेमावर पैज लावतात आणि गेली चार वर्षं हरतात. मी त्यांना म्हटलं, सर, दुसरा धरा. ते म्हणाले, "आपल्या गावातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे आणि त्यांचा एक सिनेमा तिथं धड लावता येत नाही. मी हरतच राहणार."

मूळ जळलं म्हणून सगळं संपतंच असं नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. त्या टाकून न देता जपल्या गेल्या, पुढे इटलीतल्या बोलोन्यात तज्ज्ञांनी त्यातल्या वाचवता येतील त्या फ्रेम वाचवल्या, बाकीच्या दुसरीकडच्या प्रतींतून घेतल्या, आणि २०१५ मध्ये क्रायटेरियननं डिस्क काढल्या. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' घ्या, शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून बनवलेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त केला तेव्हा चित्र पुण्याच्या संग्रहालयातल्या निगेटिव्हवरून घेतलं आणि आवाज स्वतःकडच्या एका प्रिंटवरून. २०२४ मध्ये कानला दाखवला, मग जूनमध्ये आपल्याकडे थिएटरात आला. आणि मराठीतलं उदाहरण हवं असेल तर 'घाशीराम कोतवाल', १९७६ चा. तेंडुलकरांच्या नाटकावरचा, मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशा चौघांनी मिळून केलेला, ओम पुरी घाशीरामच्या भूमिकेत. त्याची प्रत बर्लिनमधल्या आर्सेनल या संस्थेनं सांभाळली होती. त्यांनीच तिची डिजिटल प्रत केली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली. पेशवाईतल्या पुण्याचा सिनेमा जर्मन माणसांनी सांभाळला.

'शोले' तर तुम्हाला माहीतच आहे. त्याचा मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर स्वतः गब्बरला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं तो बदलायला लावला, म्हणून पोलीस येतात. मूळ शेवट चोरट्या कॅसेटांवर इकडून तिकडे फिरत होता, शौकीन लोक तो जपून ठेवायचे. २०२५ मध्ये दुरुस्त केलेला 'शोले' बोलोन्यात दाखवला तो त्या शेवटासकट. मी ही बातमी अण्णांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बघ. शेवट कापला तरी कुणाकडे तरी राहतो." आणि मग माळ्याकडे बघितलं. मुद्दाम बघितलं की सहज, देव जाणे.

माल आहे असं समजलं की पुढचा प्रश्न हक्कांचा. इथं ताई आमच्या वकील आहेत. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे २०१३ संपलं आणि सिनेमा मोकळा झाला. (पटकथा आणि संगीत यांचे हिशेब वेगळे असू शकतात, त्यात आज शिरत नाही.) तुम्ही म्हणाल, मग छानच की, कुणीही डिस्क काढावी. तिथंच तर घोडं पेंड खातं. दोन तासांच्या सिनेमात पावणेदोन लाखांच्या आसपास फ्रेम असतात. त्या स्कॅन करायच्या, धूळ, ओरखडे, थरथर काढायची, आवाज साफ करायचा, यात पैसा जातो. तुम्ही तो खर्च करून डिस्क काढली की दुसऱ्या दिवशी कुणीही ती उचलून यूट्यूबवर टाकणार, आणि तुम्ही काही करू शकत नाही. सिनेमा सगळ्यांचा झाला की त्याच्यावर खर्च करायला कुणी उरत नाही. आणि मोकळा असला तरी चांगली प्रत ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडेच राहते. कायदा तुम्हाला सिनेमा देतो, रीळ देत नाही.

म्हणून हे काम सरकारी पैशातून होतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात ३६३ कोटी रुपये जाहीर केले, २२०० सिनेमांच्या दुरुस्तीसाठी. त्याच वर्षी पुण्याचं संग्रहालय एनएफडीसीत विलीन झालं. ते बरं झालं की वाईट, यावर काकांचं एक मत आहे. ते अर्ध्या तासाचं आहे.

आणि आता ऐका. नोव्हेंबर २०२३. गोव्याला इफ्फीमध्ये दुरुस्त केलेल्या जुन्या सिनेमांचा विभाग होता. 'विद्यापती', 'हकीकत', 'गाईड', आणि त्या यादीत 'श्यामची आई'. त्याच महिन्याच्या १० तारखेला सुजय डहाके यांची नवी 'श्यामची आई' थिएटरात लागली होती, तीही कृष्णधवल. लोक नव्यावर बोलत होते. आम्ही पाच जण जुन्याची बातमी हातात धरून बसलो होतो. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ज्या पहिल्या सिनेमाला मिळालं, तो हा. अत्र्यांचा. आणि तो आता स्वच्छ झालाय, कुठल्या तरी हार्ड डिस्कवर आहे, त्यात तिचा चेहरा आहे.

गोव्याला आमच्यातलं कुणी जाऊ शकलं नाही. माझी सुट्टी नव्हती, सरांच्या परीक्षा होत्या. पण त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा पैज न लावता नुसते गप्पा मारत बसलो, कारण सगळ्यांना वाटलं की आता काय, सहा महिन्यांत डिस्क येईल. एनएफडीसीनं पूर्वी 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावानं दुरुस्त केलेल्या सिनेमांच्या डीव्हीडी काढलेल्या आहेत. माझ्याकडची 'जाने भी दो यारों' त्यातलीच. म्हणजे त्यांना हे काम नवं नाही. सहा महिने गेले. वर्ष गेलं. ती डिस्क आमच्यापैकी कुणाच्या हाती अजून लागलेली नाही.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. डिस्क विकली जाणार नाही म्हणून काढत नाहीत, हे मला पूर्ण पटत नाही. हजार प्रती काढा. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी घेतल्या तरी संपतील. आणि डिस्क नको असेल तर पैसे घेऊन मोबाईलवर द्या, मी डिस्कवर अडून बसणार नाही. फक्त ओटीटीवर आलेला सिनेमा एका रात्रीत गायबही होतो, आणि कपाटातली डिस्क कुणी रात्रीतून काढून नेत नाही. (भंगारवाल्याला बोलावलं नाही तर.) पण लोकांच्या पैशानं साफ केलेला सिनेमा महोत्सवात दोन तास दिसावा आणि परत आत जावा, हे मला चुकीचं वाटतं.

आता अण्णांचं. त्यांना काचबिंदू आहे. उशिरा कळलं. दोन्ही डोळ्यांत रोज थेंब टाकतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. यात कडेचं दिसणं आधी जातं, मधलं राहतं. मी विचारलं, कसं दिसतं? म्हणाले, "जुन्या सिनेमात सीन संपताना गोल गोल बारीक होत जातं ना, तसं. फक्त लई हळू."

त्यामुळे रविवारी बाकीचे गंमत म्हणून तारखा लावतात तेव्हा मी मनात दुसराच हिशेब करत असतो.

मागच्या दिवाळीला साफसफाईत दुकानाची एक वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, सेट कुणी नेला, कोणत्या गावाला, कोणत्या तीन कॅसेटा, किती पैसे दिले, किती राहिले. मी ती विकली नव्हती, कारण ती पलंगाच्या गादीखाली होती. अण्णांना मी वाचून दाखवायला बसलो. 'श्यामची आई' सोळा गावांच्या नावापुढे लिहिलेली निघाली. अण्णांनी गावं बोटांवर मोजली. मग म्हणाले, "सोळा गावांत तिला अर्धवट सोडून आलो मी. लोकं समजले वाचली." मी म्हटलं, अण्णा, लोकांनी पुस्तक वाचलंय, सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "त्या म्हातारीला कुठं वाचता येत होतं?"

त्यांना एकदा तरी त्यातल्या एका गावात, देवळासमोर, पडदा लावून तो पूर्ण दाखवायचा आहे. भोकरदनच्या मित्रानं प्रोजेक्टर बघून ठेवलाय. ताई म्हणतात, पूर्ण प्रत कायदेशीर मार्गानं हाती आली तर बाकीच्या परवानग्या मी बघते. काका म्हणाले, मोसंबीचा रस माझ्याकडून. सगळं तयार आहे, फक्त सिनेमा नाही.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर कॅसेटा असतील तर लगेच मशीनमध्ये घालू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसते का बघा. दिसली तर चालवू नका, टेप तुटेल आणि मशीनही खराब होईल. सावलीत, कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. व्हीसीडी उजेडासमोर धरून बघा, टाचणीएवढी भोकं दिसली तर तिचे दिवस भरत आलेत, आजच कॉपी करा. आणि कुणाच्या आजोबांचा तंबूचा सिनेमा असेल, घरात खरी फिल्म असेल, गोल डब्यात, आंबट वास येणारी, तर पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. भंगारवाल्याला नंतर.

आणि या रविवारची पैज. सरांनी परत 'शेजारी' लावला. काकांनी 'संत तुकाराम', ताईंनी 'सिंहासन', मित्रानं 'सामना'. मी 'श्यामची आई'पुढे पाच वर्षं लिहिलं होतं. अण्णा पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसले होते. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, डोळ्यांजवळ धरली, पाच खोडून दोन केलं आणि खाली सही केली. मी काही बोललो नाही. वहीत त्या सोळा गावांतल्या पहिल्या गावापुढे त्यांनी पेनानं गोल केलाय. परतूरकडचं, जिथं टेप चावली होती, तेच.